कटघऱ्याची चौथी बाजू

स्वातंत्र्याची किंमत कटघऱ्यात उभं राहिल्याशिवाय माणसाला कळत नाही. हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि अनुभवातून आलेलं आहे. मात्र ज्या कटघऱ्यात ते मला सुचलं, तो एका मंडप डेकोरेटरचा होता. त्याच्या कठड्यांवर सोनेरी मोर होते, आणि आदल्याच संध्याकाळी त्याच कठड्यांच्या मधोमध कुणाचा तरी साखरपुडा पार पडला होता.

मी पंचवटीतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. आंतरशालेय अभिरूप न्यायालय स्पर्धेचं पत्रक आलं, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. "पुस्तकं तुमच्याकडे आहेत," त्या म्हणाल्या, "म्हणजे कायदाही तुमच्याकडेच असणार." आमच्या ग्रंथालयात कायद्याची दोन पुस्तकं होती. त्यातल्या एकाची शेवटची ऐंशी पानं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळे त्यात गुन्हे सगळे होते, शिक्षा बऱ्याचशा नव्हत्या.

या स्पर्धेची एक रीत आहे. वकील मुलांनी व्हायचं, पण आरोपी आणि साक्षीदार मात्र शाळेतल्या मोठ्या माणसांनी. पूर्वी आरोपीही मुलंच होत. पण एका वर्षी जो मुलगा चोर झाला, त्याला दहावी संपेपर्यंत सगळी शाळा चोरच म्हणत राहिली. पालक भांडायला आले आणि नियम बदलला. ग्रंथपालाला वर्षभर चोर म्हटलं तर कुणाचे पालक भांडायला येणार नव्हते, म्हणून आरोपी मी झालो.

खटला असा: येवल्यातल्या एका दुकानातून पैठणी चोरीला जाते. रात्री दुकान बंद केलेलं, सकाळी कुलूप शाबूत, पैठणी गायब. किल्ली नोकराकडे. तो नोकर म्हणजे मी. पुरावा म्हणून मुख्याध्यापिकांनी स्वतःची पैठणी दिली होती आणि तिला कुणीही हात लावायचा नाही अशी अट घातली होती. त्यामुळे सरकारी वकिलाला मुख्य पुरावा तीन फुटांवरून दाखवावा लागे.

माझी वकील नववीतली मुलगी होती. मखमलाबादच्या बाजूला तिच्या घरची फुलशेती. वडील रोज सकाळी झेंडू आणि शेवंती टेम्पोत घालून बाजारात आणायचे आणि येताना तिला शाळेत सोडायचे. तिच्या दप्तरालाही शेवंतीचा वास असे. तालमीच्या पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "सर, तुम्ही फक्त उभं राहायचं. काही करायचं नाय."

"वीस वर्षं तेच करतोय," मी म्हणालो.

"मग तर लय सोपंय."

पहिल्या दोन फेऱ्या आम्ही जिंकलो. अंतिम फेरीच्या आदल्या रात्री माझ्या फोनवर मुलीचा निरोप आला. अकरा महिन्यांनी.

त्या अकरा महिन्यांबद्दल थोडं सांगायला हवं. मुलगी मुंबईत नोकरीला. तिनं तिथेच एका मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि संध्याकाळी मला लिहून कळवलं. मी उत्तरादाखल लिहिलं, "कळवल्याबद्दल आभार." ग्रंथालयाला कुणी जुनी मासिकं भेट दिली की मी जे पाठवतो, तेच. पुस्तक बाहेर गेलं तर परत मागवता येतं. वाक्याची तशी सोय नाही. तेव्हापासून ती तिच्या आईशी रोज बोलायची आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचायचो.

आता तिची नागपूरला बदली झाली होती. निरोप असा होता: "बाबा, उद्या गाडी दोन-दहाला नाशिकरोडला येते. पाच मिनिटं थांबते. बघा जमलं तर."

बायको भावाकडे देवळ्याला गेली होती, भाचीच्या बाळाचं बारसं होतं. मी फोन करून सांगितलं. तिनं निरोप पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला. मग म्हणाली, "मला नाही लिहिलं तिनं. तुम्हाला लिहिलंय. जा. आणि अहो, तिथं जाऊन आभारबिभार मानू नका."

निरोपाला उत्तर काय लिहावं ते मला सुचेना. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी ठरवलं, उत्तर म्हणून आपणच फलाटावर उभं राहायचं. हे त्या वेळी मला फार उदात्त वाटलं होतं. त्याचा अर्थ एवढाच होता की मी पोचलो नाही, तर तिला उत्तर मिळणारच नव्हतं, आणि अकरा महिन्यांनंतर न मिळालेल्या उत्तराचा अर्थ कुणीही एकच लावेल.

कार्यक्रमपत्रिकेत अंतिम फेरी साडेदहा ते बारा अशी छापली होती. बाराला सुटलो, तर स्कूटरवरून द्वारका चौकातली कोंडी धरूनही साडेबारापर्यंत नाशिकरोड. हातात एक तास चाळीस मिनिटं. समारंभांवर माझा विश्वास नाही, पण छापलेल्या मजकुराबद्दल माझ्या धंद्यातल्या माणसाला एक हळवेपणा असतो. डिकीत तिच्यासाठी चिवड्याचं पाकीट टाकून मी निघालो.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आत गेल्यावर सगळ्यांचे फोन एका पिशवीत घेतले, कारण न्यायालयात फोन वाजता कामा नये. पिशवी वधूपक्षाच्या खोलीत ठेवून खोलीला कुलूप लावलं. मग प्रमुख पाहुण्यांची वाट पाहणं सुरू झालं. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि अंतिम फेरीत न्यायाधीशाच्या खुर्चीत तेच बसणार होते. ते सव्वाअकराला आले. समई लावताना पंख्याच्या वाऱ्यानं वाती तीनदा विझल्या. पंखा बंद करायचं सर्वांना सुचलं होतं, पण बटण प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीमागे होतं आणि त्यांना उठा म्हणायचं कुणी, हे ठरेना. त्यानंतर स्वागतगीत, शाल, श्रीफळ, आणि संस्थेचा इतिहास, स्थापनेपासून.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी कटघऱ्यात उभा राहिलो. आधीच्या फेऱ्यांत त्याला तीनच बाजू होत्या. मागची बाजू उघडी, तिकडून मी आत यायचो आणि खटला संपला की तिकडूनच निघून जायचो. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"हे काय? आरोपीचा कटघरा मागून उघडा? हे न्यायालय आहे की बसस्टॉप?"

सूत्रसंचालन करणारे आयोजक सर धावत बाहेर गेले आणि डेकोरेटरच्या दोन माणसांना घेऊन आले. त्यांनी चौथा कठडा आणून मागे उभा केला आणि चारही कोपऱ्यांत नट आवळायला सुरुवात केली.

"सर, पोट आत घ्या."

मी घेतलं.

"आता पळून दाखवा," दुसरा म्हणाला, आणि सभागृह हसलं. न्यायाधीशांनी समाधानानं मान हलवली. कठडा माझ्या छातीपर्यंत होता आणि वरच्या बाजूला भाल्यासारखी टोकं. पन्नाशीपुढच्या माणसानं, एका गुडघ्याच्या जोरावर, त्यावरून उडी मारणं शक्य नव्हतं. ते दोघं पाना खिशात घालून निघून गेले. त्यांना द्वारकेजवळच्या एका लॉन्सवर संध्याकाळच्या लग्नाचं स्टेज उभं करायचं होतं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

माझी वकील कागद नीट लावत जवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "सर, सारखं घड्याळ काय बघताय?"

खरं तर आरोपीनं परवानगीशिवाय बोललं तर पक्षाचे गुण कापले जात. मी खाली बघून पुटपुटलो, "नाशिकरोडला जायचंय. दोन-दहाची गाडी. मुलगी येतेय."

"थांबते का गाडी?"

"पाच मिनिटं."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दीडपर्यंत सोडवते तुम्हाला," ती म्हणाली आणि जाग्यावर जाऊन बसली.

सरकारी वकील दुसऱ्या शाळेचा मुलगा होता. टाय, कोट, आणि दर वाक्याला "माय लॉर्ड". हे शब्द ऐकले की न्यायाधीश थोडे सरळ बसत. दुकानमालक म्हणून त्याच्या शाळेचे खेळाचे सर होते. दुकानाला किल्ली एकच आणि ती नोकराकडे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मग माझी वकील उठली.

"मागच्या दिवाळीनंतर तुम्ही कुठे गेला होतात?"

"तिरुपतीला. सहकुटुंब."

"हा नोकर कुठे होता?"

"आमच्याबरोबर. सामान उचलायला."

"किल्ली?"

"त्याच्याकडेच. त्याच्याकडेच असते म्हटलं ना."

"त्या आठवड्यात दुकान बंद होतं?"

"बंद कसं ठेवणार? लग्नसराई. मेहुण्यानं उघडलं."

"किल्ली तिरुपतीला," ती म्हणाली. "मग मेहुण्यानं कुलूप कशानं उघडलं? फुंकर मारून?"

सभागृह हसलं. खेळाचे सरही हसले आणि मग आपण फिर्यादी आहोत हे आठवून गंभीर झाले. मला वाटलं, संपलं. दुसरी किल्ली आहे हे सिद्ध झालं, एक वाजायला पाच मिनिटं आहेत, आता निकाल द्यायला काय हरकत आहे. पण सरकारी वकिलाची वेळ शिल्लक होती आणि शिल्लक वेळ बोलून संपवायचे वेगळे गुण होते.

"माय लॉर्ड," तो म्हणाला, "आरोपीनं आतापर्यंत अकरा वेळा घड्याळाकडे पाहिलंय. मी मोजलंय. निर्दोष माणसाला कसली घाई?"

"माय लॉर्ड," ती बसूनच म्हणाली, मग आठवून उभी राहिली, "घाई निर्दोष माणसालाच असते. चोराला माहीत असतं, आपला मुक्काम इथंच."

"शिवाय आरोपी पहिल्यापासून गप्प आहे," तो थांबायला तयार नव्हता. "ज्याच्यावर एवढा आळ आला, तो एक शब्द बोलत नाही. न बोलणं हेच त्याचं उत्तर आहे, माय लॉर्ड."

मला क्षणभर वाटलं, याला माझ्या मुलीनंच वकीलपत्र दिलंय.

एक वाजून वीस मिनिटांनी न्यायाधीश माझ्याकडे वळले. खटल्यात हा एकच क्षण आरोपीचा असतो. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

स्पर्धेच्या नियमावलीतलं नववं कलम मला पाठ होतं, कारण वर्गात ते मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: आरोपीने गुन्हा कबूल केल्यास खटला तिथेच संपेल आणि सर्व गुण सरकारी पक्षास मिळतील. म्हणजे 'होय, मी चोरली' एवढं म्हटलं की दहा मिनिटांत मी स्कूटरवर. तीन शब्द. आयुष्यात मी याहून कमी महत्त्वाच्या कारणासाठी याहून जास्त खोटं बोललो आहे. कधीही हात न लावलेली एक पैठणी चोरल्याची कबुली देऊन पाच मिनिटं मुलगी पाहायला मिळणार असेल, तर सौदा वाईट नव्हता.

माझी वकील माझ्याकडे बघत होती. तिनंही नववं कलम ऐकलं होतं. तिनं मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत, काही नाही. फक्त हातातलं पेन खाली ठेवलं. हरल्यावर ठेवतात तसं.

"मी चोरी केलेली नाही," मी म्हणालो. "आणि कृपा करून लवकर करा."

लोक पुन्हा हसले. न्यायाधीशही. आता समारोपाची भाषणं राहिली होती, प्रत्येकी आठ मिनिटं. सरकारी वकिलानं आठही वापरली. त्यात राज्यघटना होती, नीती होती आणि येवल्याच्या विणकरांचं बोटांनी घडवलेलं वैभव होतं. माझ्या वकिलाचंही भाषण तयार होतं. तीन आठवडे आम्ही ते घासलं होतं. त्यात एक जागा अशी होती की तालमीत आमच्या शिपायानं डोळे पुसले होते. ती उठली, कागद पालथा घातला.

"किल्ल्या दोन आहेत," ती म्हणाली. "एकीचा हिशोब लागत नाही. ज्याच्या किल्लीचा लागतो, त्याला अडकवून ठेवलंय. सोडा त्याला. माझं झालं."

आणि ती बसली. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला.

एक वाजून बत्तीस मिनिटांनी माझी निर्दोष मुक्तता झाली. तिनं दिलेला शब्द दोन मिनिटांच्या फरकानं पाळला होता. मी मागे वळलो आणि चौथ्या कठड्यावर आदळलो.

त्यानंतरचा जवळजवळ एक तास मी तपशिलात सांगू शकतो, कारण पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं. डेकोरेटरची माणसं पान्यासकट गेली होती. आयोजक सरांनी फोन करायला फोन शोधला, तो पिशवीत होता, पिशवी कुलपात होती, आणि ज्यांच्याकडे किल्ली होती त्या बाई व्यासपीठावर सत्कार घेत होत्या. दुकानाला दोन किल्ल्या निघाल्या होत्या. या खोलीला एकच होती.

"सर, दोन मिनिटं," आयोजक मला म्हणाले. "बक्षीस समारंभ सुरू झालाय. मध्ये बरं नाही दिसणार."

"मी दिसतोय ते?"

"तुम्ही मागे आहात. फोटोत नाही येत."

स्पर्धा दुसऱ्या शाळेनं जिंकली. खटला जिंकणं आणि स्पर्धा जिंकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या पक्षानं समारोपाची सात मिनिटं वापरलीच नव्हती. सरकारी वकिलानं करंडक घेतला तेव्हा त्याच्यामागे, मोरांच्या वर, माझं अर्धं तोंड होतं. मुख्याध्यापिका माझ्या वकिलाला कठड्याशेजारीच झापत होत्या. "एवढं सुंदर भाषण! का कापलंस?"

"अशिलाला घाई होती, मॅडम."

"अशिलाला? अगं, ते ग्रंथपाल आहेत!"

माझी वकील कठड्याजवळ सरकली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सर, वर चढा, मी खालून धरते." मी एक पाय मधल्या आडव्या पट्टीवर ठेवला. पट्टी पत्र्याची होती, ती वाकली. मोराची मान मोडली. मी पाय खाली घेतला.

मग आयोजक सरांनी आपल्या मोटारसायकलच्या डिकीतून पाना आणला आणि ते स्वतः, कोट घालून, गुडघ्यावर बसले. पाना फिरे, नट फिरत नसे. त्यांच्या मते नट गंजले होते. एका पालकांच्या मते नट उलटे होते. एका सरांनी खोबरेल तेल सुचवलं. घड्याळात दोन वाजले. दोन-पाच. दोन-दहाला मी घड्याळाकडे पाहणं बंद केलं. पंधरा मिनिटांनी न्यायाधीश व्यासपीठावरून उतरताना माझ्यापाशी थांबले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "उत्तम अभिनय. ती अस्वस्थता फार खरी वाटली."

वकिलाचे वडील तिला न्यायला आले होते. पायजमा, डोक्याला टॉवेल, खांद्यावर झेंडूची एक पाकळी. ते आले, खाली वाकून नट पाहिला, आयोजकांच्या हातातला पाना पाहिला, आणि परत टेम्पोकडे गेले. येताना दुसरा पाना होता. दोन मिनिटांत चौथी बाजू त्यांच्या हातात होती.

"जा, सर," माझी वकील म्हणाली. "गाडी लेट असंल."

गाडी लेट नव्हती. फोन हातात आला तेव्हा त्यावर दोन निरोप होते. दोन वाजून नऊ मिनिटांचा: "बाबा, एस-चारच्या दारात उभी आहे." आणि दोन वाजून सोळा मिनिटांचा: "ठीक आहे."

'ठीक आहे' कोणाकडून शिकली ते मला माहीत होतं.

मी कार्यालयाच्या पायरीवर बसलो आणि लिहायला घेतलं. मग पुसलं आणि फोन लावला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. चौथ्या घंटेला तिनं उचलला.

"बोला."

"अडकलो होतो."

"हो. असणारच."

"कटघऱ्यात," मी म्हणालो.

मागे गाडी खडखडली. मग ती म्हणाली, "कुठे?"

मी सांगायला लागलो. पैठणी, न्यायाधीश, बसस्टॉप. मोराच्या मानेपर्यंत आलो तेव्हा ती हसत असावी. हसताना ती आवाज करत नाही, त्यामुळे खात्री नाही. मध्येच मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला जे लिहिलं, ते लिहायला नको होतं." ती म्हणाली, "हं." मग म्हणाली, "पुढे काय झालं?" मी पुढचं सांगितलं. मनमाड येईपर्यंत फोन चालू होता. डिकीतून काढलेला चिवडा पायरीवर माझ्या शेजारी बसला होता.

मनमाडला गाडी थांबली, तेव्हा तिनं शेवटचं विचारलं, "पण इतका वेळ ते नट निघत का नव्हते?"

नट दहा नंबरचे होते. आम्ही बारा-तेराचा पाना लावत होतो.